नोंदोपंत

वस्तू आधी येते आणि तिची नोंद मागाहून होते, अशी जगाची एक भाबडी समजूत आहे. नोंदोपंतांना ती मान्य नाही. त्यांच्या हिशेबाने आधी नोंद व्हावी आणि मग वस्तूने यावं. नोंद न होता कारखान्यात शिरलेल्या स्विचकडे ते अशा नजरेने बघतात, की बिचाऱ्याला पुन्हा खोक्यात जाऊन बसावंसं वाटेल.

सिल्वासाच्या कुठल्याही औद्योगिक भागात जा. पिपरिया, मसाट, आमली, रखोली, कुठेही. यार्नचा, तांब्याच्या तारेचा, नाहीतर प्लॅस्टिकचा एखादा कारखाना धरा आणि फाटकावर विचारा, 'तुमचं नेटवर्क कोण बघतं?' तुम्हाला दोन माणसं दाखवतील. एक नेटवर्क बंद पडलं की धावतो. दुसरा धावत नाही. तो न धावणारा म्हणजे नोंदोपंत.

पगारपत्रकावर अर्थातच दुसरं नाव आहे, पण ते फक्त पगाराच्या दिवशी उपयोगी पडतं. मराठी मंडळी त्यांना पंत म्हणतात, शेठ 'नोंदुभाई' म्हणतात, आणि खानवेलकडून येणारा तरुण इलेक्ट्रिशियन समोर 'सर' म्हणतो. मागे काय म्हणतो ते पंतांना ठाऊक आहे, पण पुराव्याअभावी त्यांनी ते नोंदवलेलं नाही.

पंत मूळचे खानदेशातले. तिकडची माणसं पोटासाठी सुरतेला उतरतात. पंत सुरत ओलांडून वापीला उतरले आणि तिथून सिल्वासाला आले. गाडीत झोप लागली म्हणून सुरत हुकली, असं वहिनी सांगतात. पंत म्हणतात, तिकीटच वापीचं होतं. वाद मिटवण्यासाठी त्यांनी ते तिकीट आजपर्यंत जपून ठेवलं आहे, आणि वहिनींनी ते आजपर्यंत पाहिलेलं नाही. ते नेमकं कुठे ठेवलं आहे, ही पंतांच्या आयुष्यातली एकमेव गोष्ट आहे जी त्यांना शोधावी लागते.

इतर लोक पट्ट्याला मोबाइल अडकवतात. पंत लेबल छापायचं यंत्र अडकवतात. शर्टाच्या खिशात टॉर्च, भिंग आणि मोजपट्टी. भिंग सिरियल नंबरासाठी. उत्पादकांनी सिरियल नंबर मुंगीच्या पावलाएवढा छापून तो नेमका भिंतीकडच्या बाजूला चिकटवायचा, हा जागतिक कट आहे असं त्यांचं मत आहे. मोजपट्टी रॅकसाठी. रॅकची रुंदी १९ इंच, उंचीचं एक माप म्हणजे एक 'यू', आणि एक यू म्हणजे बरोबर पावणेदोन इंच. पूर्ण उंचीच्या रॅकमध्ये असे ४२ यू. पंतांना घराची लांबीरुंदी विचारली तर फुटांत सांगतात, पण उंचीच्या बाबतीत त्यांचा तोल सुटतो. शेजाऱ्याकडे फ्रीज आला तेव्हा सगळे लिटर विचारत होते. पंत म्हणाले, "साधारण ३८ यू. ठीक आहे."

पूर्वी आमच्या कारखान्यात उपकरणांचा हिशेब एक्सेलमध्ये असायचा, आणि तोही तीन ठिकाणी. खरेदी खातं बिलं मोजायचं, स्टोअर खोकी मोजायचं आणि आयटीवाले लुकलुकणारे दिवे मोजायचे. तिन्ही आकडे कधी जुळले नाहीत. जुळले असते तर तिघांनाही संशय आला असता. मी खरेदी खात्यातला. आमची बिलं चोख होती. त्या बिलांतल्या वस्तू कुठे आहेत हा प्रश्न आमच्या खात्याचा नव्हता.

मग नेटबॉक्स आलं. अमेरिकेतल्या डिजिटलओशन कंपनीत जेरेमी स्ट्रेच नावाच्या अभियंत्याने ते तिथल्या नेटवर्कचा हिशेब ठेवायला लिहिलं, आणि २०१६ साली कंपनीने ते सगळ्यांसाठी खुलं केलं. त्यातली शिस्त पंतांना आवडली. त्यातलं 'फुकट' शेठना आवडलं. अशा रीतीने कारखान्याच्या इतिहासात प्रथमच दोघांचं एकमत झालं.

ह्या सॉफ्टवेअरची रचना पंतांना विचारूनच केली असावी. आधी प्रदेश, प्रदेशाखाली ठिकाण, ठिकाणाखाली खोली, खोलीत रॅक, रॅकच्या अमुक यू-वर उपकरण, उपकरणाला पोर्ट, पोर्टात केबल, आणि केबलचं दुसरं टोक असंच कुठल्यातरी पोर्टात. अधांतरी काही नाही. शिवाय उपकरण थेट नोंदवता येत नाही. आधी उत्पादक नोंदवायचा, मग त्याचं मॉडेल, मॉडेलची उंची, मॉडेलचे पोर्ट. एवढं झालं की मगच त्या मॉडेलचा एक प्रत्यक्ष नग जन्माला घालता येतो, आणि तो आपले सगळे पोर्ट घेऊनच जन्मतो. कोणी काय कधी बदललं तेही लिहिलं जातं. पंतांनी पहिल्या दिवशी हे पाहिलं आणि दुपारचा डबा तसाच परत नेला.

खरी परीक्षा पहिल्याच पायरीवर, म्हणजे प्रदेशाच्या रकान्यात झाली. २६ जानेवारी २०२० ला दोन केंद्रशासित प्रदेश एक झाले आणि नवं नाव पडलं 'दादरा आणि नगर हवेली आणि दमण आणि दीव'. इंग्रजी स्पेलिंगात, मोकळ्या जागा धरून, बरोबर ४० अक्षरं. सरकारी पाटीवर ती मावतात. पंतांना ती केबलच्या लेबलवर हवी होती. पहिलं लेबल छापून त्यांनी एका पॅच कॉर्डला लावलं, तर कॉर्ड दिसेना, नुसता प्रदेश दिसायला लागला. इलेक्ट्रिशियन म्हणाला, "सर, डीएनएच लिहू." पंत म्हणाले, "आणि दमणने काय घोडं मारलंय?" आमचा दमणमध्ये एक खिळासुद्धा नाही. तरी हा तिढा सुटायला आठवडा गेला.

त्यानंतर भूगोल आडवा आला. आमचं एक गोडाऊन दादऱ्याला आहे. सिल्वासाहून दादऱ्याला जाताना मध्ये लवाछा लागतं, आणि लवाछा गुजरातचं. म्हणजे फायबर प्रदेशातून निघते, प्रदेशाबाहेर जाते आणि परत प्रदेशात येते. इकडे सिल्वासाच्या दक्षिणेला जुन्या नकाशावर मेघवाळ दिसतं. चहूबाजूंनी नगर हवेली आणि मध्ये गुजरातचा ठिपका. पंतांनी हा नकाशा भिंतीवर लावला आणि पोर्तुगीज, मराठे आणि इंग्रज ह्या तिघांनाही मनातल्या मनात मेमो दिला. "नेटवर्क डिझाइन न करता प्रदेश वाटले, की हे असं होतं," एवढंच ते बोलले.

पंतांची सगळ्यात लाडकी गोष्ट म्हणजे स्टेटस. नेटबॉक्समध्ये उपकरण 'प्लॅन्ड' असतं, म्हणजे यायचं आहे. 'स्टेज्ड' असतं, म्हणजे आलं आहे, बसवलं आहे, पण रीतसर कामावर रुजू नाही. मग 'ॲक्टिव्ह', 'ऑफलाइन', 'फेल्ड'. 'इन्व्हेंटरी' म्हणजे कपाटात पडून, आणि 'डीकमिशनिंग' म्हणजे निरोपाची तयारी. सात शब्दांत पंतांना सगळा मनुष्यस्वभाव सापडला. ऑफर लेटर मिळालेला उमेदवार 'प्लॅन्ड'. प्रोबेशनवरचा 'स्टेज्ड'. जेवणानंतरचे स्टोअरकीपर 'ऑफलाइन'. ज्यांना केबिन आहे, खुर्ची आहे, पण काम कुणी सांगत नाही, असे आमचे एक जुने व्यवस्थापक 'इन्व्हेंटरी'. मी एकदा सहज विचारलं, "पंत, मी?" ते स्क्रीनवरून नजर न हलवता म्हणाले, "तुम्ही माझ्या रॅकमध्ये येत नाही." सुटलो म्हणायचं की अपमान झाला, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

एकदा २ ऑगस्टच्या सुट्टीच्या आदल्या दिवशी नव्या इंजिनियर मुलाने विचारलं, "सर, उद्या मुक्तिदिन, म्हणजे १९५४ ला आपण भारतात आलो ना?"

"चूक. १९५४ ला पोर्तुगीज 'डीकमिशनिंग'ला गेले. २२ जुलैला दादरा सुटलं, २ ऑगस्टला सिल्वासा. गाणारे सुधीर फडके माहीत आहेत ना? ते होते त्या लढ्यात. राजा वाकणकर होते, बाबासाहेब पुरंदरे होते. पण भारतात आलो ते ११ ऑगस्ट १९६१ ला."

"मग मधली सात वर्षं?"

"'स्टेज्ड'," पंत म्हणाले. "जागेवर बसलंय, वीज चालू आहे, काम चोख चाललंय. वरिष्ठ पंचायत कारभार बघतेय. फक्त मुख्य जाळ्याला जोडल्याची नोंद नाही. पोर्तुगाल हेगच्या न्यायालयात गेला होता की आम्हाला आमच्या मुलखात जायला वाट द्या. एप्रिल १९६० मध्ये निकाल लागला. जायचा हक्क होता, म्हणे, पण सैन्य घेऊन नाही, आणि भारताने वाट अडवली त्यात काही चुकलं नाही. त्यानंतर विलीनीकरण. आता करारावर सही कोण करणार? भारताकडून पंतप्रधान नेहरू. मग इकडूनही तोलामोलाचा माणूस पाहिजे. बदलानी म्हणून आयएएस अधिकारी होते, त्यांना एका दिवसापुरतं इथलं पंतप्रधान केलं. सहीच्या रकान्यासाठी एक पंतप्रधान!" पंतांचा आवाज भरून आला. "ह्याला म्हणतात रेकॉर्ड."

मुलाने मान डोलावली. सुट्टीच्या दिवशी ओव्हरटाइम मिळतो का, एवढंच त्याला विचारायचं होतं.

नोंद करणं सोपं, नोंद पुसणं कठीण. नेटबॉक्समध्ये एखाद्या मॉडेलचा एक जरी नग शिल्लक असला, तरी ते मॉडेल पुसता येत नाही. 'ह्यावर इतर नोंदी अवलंबून आहेत' असं सांगून ते नकार देतं. पंत तो नकार मोठ्याने वाचून दाखवतात आणि वर "बघा" म्हणतात. त्यामुळे आमच्याकडचे मेलेले स्विच कपाटात वर्षानुवर्षं राहिले. विजेने जळालेले, उंदराने कुरतडलेले, आणि टेक्श्चरायझिंगच्या शेडमध्ये सुताला लावायच्या तेलाच्या वाफा खाऊन आतून चिकट झालेले. प्रत्येकाच्या छातीवर लेबल, प्रत्येकाची मृत्यूची तारीख, कारणासह.

शेवटी शेठनी भंगारवाल्याला बोलावलं. तो वजनकाटा घेऊन आला. पंत यादी घेऊन आले.

"पहिला नग," पंत म्हणाले. "सिरियल नंबर लिहून घे."

"सेठ, हम किलो में लेते हैं."

"किलो में लेना, मगर नाम से लेना."

"नाम से क्या करूँ? तोड़ना है."

झालं. 'तोड़ना है' हे शब्द ऐकताच पंतांनी कपाटाला कुलूप घातलं. इलेक्ट्रॉनिक कचरा असा काट्यावर तोलून द्यायचा नसतो. २०२२ चे ई-कचरा नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत, कचरा नोंदणीकृत पुनर्चक्रण करणाऱ्याकडे द्यायचा असतो, आणि त्याचे कागद ठेवलेले बरे. हे सगळं त्यांनी भंगारवाल्याला हिंदीत, शेठना गुजरातीत आणि मला मराठीत सांगितलं. 'नोंदणीकृत' हा शब्द तिन्ही भाषांत सारख्याच भक्तिभावाने उच्चारला. भंगारवाल्याने जाताना मला बाजूला घेऊन विचारलं, "ये साहब खुद कितने का है?" मी खरेदी खात्यातला असूनही भाव सांगू शकलो नाही.

इथपर्यंत वाचून पंत म्हणजे निव्वळ विनोद, असं कोणाला वाटेल. आम्हालाही वाटायचं. मग तो जुलैतला दिवस उजाडला.

सिल्वासाचा पाऊस म्हणजे सरी मोजायचं काम नाही. त्या दिवशी सकाळपासून नेटवर्क आडवं. यंत्रं फिरत होती, सूत निघत होतं, पण पॅकिंगचं वजन उतरेना, बारकोड छापेना, ई-वे बिल निघेना. ई-वे बिलाशिवाय ट्रक फाटकाबाहेर काढता येत नाही. फाटकाच्या आत ट्रक, बाहेर ट्रक, मध्ये पाणी. धावणारा इंजिनियर इतका धावला की त्याच्या बुटांतून आवाज यायला लागला. त्याने एकेक स्विच बंद-चालू केला. सगळ्यांचे सगळे दिवे एकदम, वेड्यासारखे लुकलुकत होते. विजेने काहीतरी जाळलं असणार, असं सर्वानुमते ठरलं.

पंत छापील यादी घेऊन उठले. धावले नाहीत. पहिल्या रॅकपाशी गेले, एकेक केबल बोटाने वर करून लेबल वाचायचे आणि यादीवर खूण करायचे. शेठ ओरडले, "नोंदुभाई, अत्यारे गिनती?" पंत म्हणाले, "गिनती नही. हाजिरी." रॅक झाले, शेड झाली, पॅकिंग झालं. पॅकिंगच्या सुपरवायझरच्या टेबलाखाली त्यांनी टॉर्च मारला आणि तिथेच उकिडवे बसले.

"ही कोण?"

टेबलाखाली पाच पोर्टांचा एक चिमुकला स्विच होता. सुपरवायझरने स्वतःचा लॅपटॉप आणि प्रिंटर दोन्ही लावता यावेत म्हणून बाजारातून आणलेला. आदल्या संध्याकाळी झाडलोट करताना एक सुटी केबल खाली लोंबत होती. कुणीतरी सद्भावनेने तिचं दुसरं टोकही त्याच स्विचमध्ये खोचून दिलं होतं. असं वेटोळं झालं की सगळ्यांसाठी सोडलेला एक निरोप त्याच वाटेने पुन्हा पुन्हा फिरत राहतो, दर फेरीला आपल्या आणखी प्रती सोडतो, आणि शेवटी इतर कुणाला बोलायला जागाच उरत नाही. अख्ख्या कारखान्यात बिनलेबलाची केबल ती एवढीच. पंतांच्या यादीत ती नव्हती, म्हणूनच पंतांना ती सापडली.

इंजिनियरने झडप घालून ती उपटली. दिवे शांत झाले. पॅकिंगमध्ये बारकोड सुटायला लागले, लोकांनी टाळ्या वाजवल्या. पंत मात्र संतापले.

"काढलीस कशाला?"

"सर, चालू झालं ना!"

"तिची नोंद नव्हती. नोंद न करताच काढलीस. म्हणजे रेकॉर्डप्रमाणे ती कधी नव्हतीच. मग सकाळपासून कारखाना कशाने बंद होता? अहवालात काय लिहू? पाऊस?"

पुढे जे घडलं त्यावर बाहेरची माणसं विश्वास ठेवत नाहीत. पंतांनी ती केबल फोटोपुरती परत लावायला लावली. कारखाना पुन्हा बंद पडला. त्यांनी फोटो घेतला, लेबल छापलं, लावलं, पुन्हा फोटो घेतला आणि म्हणाले, "हं. आता काढ." शेठ त्या वेळी फाटकावर ट्रक मोजत होते, हे सगळ्यांचंच नशीब.

घरी मात्र पंतांचं काही चालत नाही. इमारतीतल्या पाण्याच्या प्रत्येक व्हॉल्व्हला त्यांनी नंबर दिला आहे, आणि नळ कोरडा पडला की अख्खी सोसायटी त्यांचंच दार वाजवते. पण दाराच्या आत वहिनींचं राज्य. दर दिवाळीला त्या सगळी कपाटं उपसून नव्या मनसुब्याने लावतात. पंत ह्याला 'विनापरवाना बदल' म्हणतात, पण मनातल्या मनात. वहिनींना काहीही विचारा, त्या न बघता सांगतात, "पलंगाखालच्या पेटीत, डाव्या हाताला, जुन्या शालीच्या घडीत." आणि ते तिथे असतं. रेकॉर्ड नाही, लेबल नाही, बॅकअप नाही. पंतांना ह्याची मनापासून भीती वाटते.

गेल्या हिवाळ्यात मुंबईच्या मुख्य कचेरीतून एक मुलगा आला. त्याच्याकडे एक प्रोग्राम होता. तो जाळ्यात सोडला की स्वतःच फिरतो, प्रत्येक उपकरणाला नाव-गाव विचारतो आणि यादी करून देतो. मुलगा उत्साहाने म्हणाला, "सर, आता हाताने काही भरायलाच नको. हीच यादी सरळ नेटबॉक्समध्ये ओतू."

पंतांनी त्याला बसवलं, चहा मागवला. "तुझा प्रोग्राम काय आहे ते सांगतो. माझी नोंद काय असायला हवं ते सांगते. जे आहे तेच असायला हवं असं धरलं, तर त्या दिवशीची ती केबलसुद्धा बरोबरच होती. तुझ्या प्रोग्रामने तिचीही यादीत मुंज लावली असती." मुलाला हे पटेना, तेव्हा पंतांनी नेटबॉक्स लिहिणाऱ्यांचं स्वतःचं मार्गदर्शन उघडून दाखवलं. जाळं कसं असावं ते ह्यात ठेवा, चालू अवस्था आपोआप ह्यात ओतू नका, असा त्यांचाही सल्ला. "दोन याद्या समोरासमोर ठेवायच्या," पंत म्हणाले. "त्यांतला फरक म्हणजे आपली नोकरी."

त्या दिवशी मला पंत पहिल्यांदा नीट कळले. हा माणूस वस्तुस्थितीला घाबरत नाही. फक्त तिला शेवटचा शब्द देत नाही.

याद्या समोरासमोर ठेवल्या. पंतांची नोंद जवळजवळ तंतोतंत जुळली. मुलगाही चकित झाला. फरक एकच निघाला. जाळ्यात एक यंत्र बोलत होतं, जे पंतांच्या नोंदीत नव्हतं. पत्त्याचा माग काढत दोघं खोल्या धुंडाळत निघाले आणि फिरून पंतांच्याच टेबलापाशी आले. टेबलाखाली एक काळा सीपीयू होता. पंत रोज त्याच्यावर पाय टेकवून बसतात. नेटबॉक्स त्याच्यावरच चालतं.

"सर, ह्याचं मेक?" मुलाने वही उघडली.

"असेंबल्ड. किलवणी नाक्यावरून."

"मॉडेल?"

पंत गप्प.

"सिरियल नंबर?"

पंतांनी पाय काढून घेतले. उत्पादक नाही, मॉडेल नाही, नंबर नाही, तेव्हा त्यांच्याच नियमाने त्याला जन्म देता येत नव्हता. मुलगा गालातल्या गालात हसायला लागला. मीही खोकल्याचं सोंग केलं. पण पंत डगमगले नाहीत.

"सात वर्षं हा अख्खा मुलूख असाच चालला," ते म्हणाले. "हा तर एक डबा आहे. 'स्टेज्ड' समज."

"पण मग 'ॲक्टिव्ह' कधी होणार, सर?"

"ब्रँडेड सर्व्हर येईल तेव्हा. त्याच्या खरेदीवर शेठची सही पाहिजे."

शेठ सही करत नाहीत. फुकट सॉफ्टवेअरसाठी विकतचा सर्व्हर कशाला, हा त्यांचा मुद्दा. कोटेशन माझ्याच टेबलावर पडून आहे. पंत दर सोमवारी येतात, त्याची तारीख वाचतात, आणि एका दिवसापुरतं मला शेठ करता येईल का, असं विचारून जातात.